पाहुण्याचे ऋण : एडिथ डरहम यांच्या ‘हाय आल्बेनिया’विषयी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी आपल्या आईसह भेटीस आली. युरोपातील नोकरीतून ती सुटीवर घरी आली होती आणि येण्यापूर्वी दहा दिवस आल्बेनिया या देशात एकटीच फिरून आली होती. आईचा जीव अजून भांड्यात पडलेला नव्हता. “फादर, हिला तुम्हीच दोन शब्द सांगा. ज्या देशाचे नावही आम्ही कधी ऐकले नाही, तिथे एकटी पोर डोंगरांतून हिंडते म्हणजे काय?” मुलगी हसून म्हणाली, “आई, मी एकटी होते खरी, पण मला एकटे कुणी राहूच दिले नाही.” मग तिने छायाचित्रे दाखविली. उत्तरेकडील थेथ नावाचे खेडे, चहूबाजूंना करड्या कड्यांचे डोंगर, मध्ये लहानसे दगडी मंदिर, आणि एका घराच्या ओसरीवर मक्याची भाकर व चीज पुढे ठेवणारी एक वृद्ध स्त्री.

तिचे ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. त्या रात्री कपाटातून मी एक जुने पुस्तक बाहेर काढले. एडिथ डरहम या इंग्रज लेखिकेचे ‘हाय आल्बेनिया’ हे प्रवासवर्णन १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. एकट्या व्यक्तीने केलेल्या बाल्कन प्रवासाचे हे पुस्तक आजही आदर्श मानले जाते. मला ते आदर्श वाटते आणि अपुरेही वाटते. असे का वाटते, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम लेखिकेची ओळख करून देणे अगत्याचे आहे. मेरी एडिथ डरहम यांचा जन्म १८६३ साली लंडनच्या एका नामांकित शल्यवैद्याच्या घरी झाला. त्यांचे शिक्षण चित्रकलेचे. वडिलांच्या निधनानंतर आजारी आईच्या शुश्रूषेत त्यांची ऐन उमेदीची वर्षे गेली. मन व शरीर दोन्ही थकले, तेव्हा डॉक्टरांनी हवापालटाचा सल्ला दिला. १९०० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्या ट्रीस्ट बंदरातून बोटीने निघून मोंटेनेग्रोत उतरल्या. विश्रांतीसाठी निघालेल्या या बाईंना बाल्कन प्रदेशाने असे काही धरून ठेवले की पुढली वीस वर्षे त्यांचे चित्त तेथून हलले नाही. १९०४ साली त्यांचे पहिले पुस्तक आले ते सर्बांच्या भूमीविषयीचे. त्यानंतर बाल्कनच्या दुःखाविषयीचे दुसरे, आणि मग ‘हाय आल्बेनिया’.

या पुस्तकातील मुख्य प्रवास १९०८ च्या मे महिन्यात सुरू होतो. आल्बेनिया तेव्हा तुर्की साम्राज्यात मोडत असे. श्कोडर शहर (त्या काळचे स्कुटारी) अजून झोपेत असताना, सरकारी नजर चुकविण्यासाठी मुद्दाम भलत्याच रस्त्याने, डरहमबाई पहाटेच्या अंधुक उजेडात बाहेर पडतात. तिथून होती, ग्रुडा, कास्त्राती, शाला अशा टोळ्यांच्या मुलखातून त्यांची वाट जाते. या उत्तरेकडील डोंगरी टोळ्या बव्हंशी कॅथोलिक आहेत. तुर्की सुलतानाची सत्ता तेथे नावापुरती होती. खरे राज्य चाले ते लेक दुकाजिनी या पंधराव्या शतकातील सरदाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अलिखित कायद्याचे. या कायद्याला तेथील लोक ‘कानून’ म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही. ‘कायदेकानून’ हा आपल्या बोलण्यातला जोडशब्द आहे. सेमिनरीत ज्याने ‘कॅनन लॉ’चा अभ्यास केला त्याला तर यात दुहेरी ओळख पटते, कारण ‘कानून’ आणि ‘कॅनन’ हे दोन्ही शब्द मोजपट्टी या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दाची लेकरे आहेत.

या मोजपट्टीने तिथे काय मोजले जाई? मुख्यत्वे दोन गोष्टी : रक्त आणि पाहुणा. घरातील माणसाचा खून झाला तर खुनाचा बदला खुनाने घेणे हे घरातील पुरुषांवर बंधनकारक होते. हा सूड पिढ्यानपिढ्या चाले. दुसऱ्या बाजूला, दारात आलेला कोणताही परका माणूस हा घराचा स्वामी मानला जाई. त्याला भाकर, मीठ, चूल आणि अंथरूण मिळे, आणि निघताना घरचा एक माणूस हद्दीपर्यंत सोबत जाई. या सोबतीत पाहुण्याला कुणी ठार केले तर बापाचा खून माफ करता येईल, पण पाहुण्याचा नाही, असा दंडक होता. दिलेला शब्द आणि त्याखाली मिळणारे अभय यांना मिळून ‘बेसा’ हा एकच शब्द आहे. ‘मीक’ हा शब्द मित्र आणि पाहुणा या दोन्ही अर्थांनी वापरतात.

डरहमबाईंनी हा कायदा ऐकून टिपला तेव्हा तो कागदावर आलेला नव्हता. तो गोळा करण्याचे काम श्त्येफेन ग्येचोव या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने आयुष्यभर केले. त्यांचे संकलन १९१३ पासून श्कोडर येथील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या ‘ह्युली इ द्रितस’ (प्रकाशाचा तारा) या नियतकालिकातून क्रमशः येऊ लागले. १९२९ साली ग्येचोव यांची हत्या झाली, आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात १९३३ साली प्रसिद्ध झाला. एका लहान ख्रिस्ती समाजाच्या मातृभाषेतील मासिकाने साऱ्या राष्ट्राचा ठेवा जपला, ही गोष्ट आपल्यासारख्या नियतकालिकांच्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

आता पुस्तकाकडे वळू. डरहमबाईंची पहिली थोरवी अशी की त्यांना डोळे आहेत. चित्रकाराचा हात असल्याने पेहराव, भरतकाम, गोंदण, चुलीभोवतीची बैठक, थडग्यावरचे कोरीव क्रूस हे सारे त्या नेमके टिपतात. दुसरी थोरवी अशी की त्या नाक मुरडत नाहीत. सूडाच्या प्रथेविषयी लिहिताना एखाद्या सुसंस्कृत युरोपियनाने धिक्काराचे चार शब्द लिहून पान उलटले असते. त्या मात्र थांबतात आणि ज्याला मारायचे आहे आणि ज्याला मरायचे आहे अशा दोघांशीही बोलतात. ही माणसे रक्तपिपासू नसून एका कठोर कर्तव्यात जखडलेली आहेत, हे त्यांना उमगते. आजन्म कौमार्याची शपथ घेऊन पुरुषांचा वेश करणाऱ्या, शस्त्र बाळगणाऱ्या आणि पुरुषांच्या पंगतीत बसणाऱ्या स्त्रिया त्यांना भेटतात. त्यांच्याविषयीही त्या कुतूहलाने पण आदराने लिहितात. पुढे या विषयावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले, पण प्रत्येकाला डरहमबाईंच्या पानांपाशी यावेच लागते.

परंतु या पुस्तकाभोवती ‘एकट्या स्त्रीचा धाडसी प्रवास’ असे जे वलय निर्माण झाले आहे, ते तपासून घेतले पाहिजे. डरहमबाई धाडसी होत्या, यात शंका नाही. मात्र त्या एकट्या नव्हत्या. मार्को शांतोया हा श्कोडरचा कॅथोलिक वाटाड्या पावलोपावली त्यांच्यासोबत होता. तोच दुभाषी, तोच ओळख करून देणारा, तोच कुठल्या घराचे कुठल्या घराशी वैर आहे हे सांगणारा. मुक्कामाची सोय बहुधा धर्मगुरूंच्या घरी होई, कारण त्या डोंगरांत धर्मगुरूचे घर हीच धर्मशाळा होती. आणखी एक गोष्ट. कानूनप्रमाणे स्त्रीवर सूडाची बंदूक रोखली जात नसे. म्हणजे ज्या वाटेवर एखादा आल्बेनियन पुरुष जीव मुठीत धरून चालला असता, त्या वाटेवर ही परदेशी बाई निर्धास्त चालू शकत होती. धाडस त्यांचे होते, पण सुरक्षितता त्यांना त्या लोकांनी दिलेली होती. पाहुणी म्हणून त्या पुरुषांच्या पंगतीत बसल्या. ज्यांनी पाणी वाहिले, दळण दळले, भाकरी भाजल्या, त्या घरातील स्त्रियांचे बोलणे पुस्तकात त्या मानाने फार कमी ऐकू येते.

हे दोषारोप म्हणून मी लिहीत नाही. मार्कोचे महत्त्व लेखिका स्वतः जाणतात आणि त्याच्याविषयी जिव्हाळ्याने लिहितात. पण यजमान धर्मगुरूंपैकी बहुतेक जण पुस्तकात नुसतेच ‘पाद्री’ म्हणून येतात, दार उघडतात, कॉफी देतात, माहिती पुरवतात आणि पुढच्या पानावर नाहीसे होतात. मी स्वतः धर्मग्रामात राहणारा माणूस असल्याने असेल, पण मला या नाहीशा होणाऱ्या माणसांविषयी अधिक वाचावेसे वाटते. तुटपुंज्या धान्याच्या मुलखात, सहा महिने बर्फात कोंडलेल्या त्या घरांत, आलेल्या प्रत्येकासाठी भाकर ठेवणे त्यांना कसे जमत असेल? दोन वैरी घरांमध्ये समेट घडविण्यासाठी रात्री-अपरात्री डोंगर चढणाऱ्या त्या माणसांना भीती वाटत नसेल काय? या प्रश्नांपर्यंत पुस्तक जात नाही.

दुसरा आक्षेप याहून मूलभूत आहे. पुस्तकाच्या आरंभीच लेखिका असे सुचवितात की इतरत्र मरून गेलेला भूतकाळ या प्रदेशात अजून जिवंत आहे. हे वाचायला मोहक आहे. पण समोरच्या माणसाला ‘भूतकाळ’ ठरविले की त्याचा वर्तमानकाळ आपल्याला दिसेनासा होतो. गंमत अशी की लेखिकेचे स्वतःचेच पुस्तक या कल्पनेला छेद देते. १९०८ च्या जुलैमध्ये तरुण तुर्कांची क्रांती झाली, राज्यघटना जाहीर झाली, आणि त्या उन्हाळ्यात हे डोंगरी लोक श्कोडरमध्ये उतरून बंदुकांच्या फैरी झाडत उत्सव करू लागले. घटना म्हणजे काय हे फारसे कुणाला ठाऊक नव्हते, पण तीमुळे रस्ते, शाळा आणि न्याय येईल अशी आशा होती. ती आशा फोल ठरणार हे लेखिकेला जाणवते, आणि त्या प्रकरणात त्यांची लेखणी सर्वांत हृद्य होते. तिथे ही माणसे पुराणवस्तू राहत नाहीत. ती आपल्यासारखीच उद्याची वाट पाहणारी माणसे होतात.

पाहुणा निघून गेल्यावर काय करतो, यावरही त्याची पारख होते. या कसोटीला डरहमबाई बऱ्याच अंशी उतरतात. १९११ साली डोंगरी टोळ्यांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला आणि त्यांची बायकामुले मोंटेनेग्रोत आश्रयाला आली. तेव्हा त्यांना अन्नवस्त्र आणि औषधपाणी पोहोचविण्यासाठी या बाई पदरमोड करून राबल्या. बाल्कन युद्धात (१९१२–१३) मोंटेनेग्रोच्या सैन्याने केलेले अत्याचार पाहून त्यांनी तेथील राजा निकोला याने दिलेले सुवर्णपदक परत केले. आल्बेनियाच्या स्वातंत्र्याची बाजू त्या इंग्लंडमध्ये अखेरपर्यंत मांडीत राहिल्या. ज्या घरी जेवलो त्या घराची संकटात आठवण ठेवणे यापेक्षा पाहुण्याने अधिक काय करावे?

तरीही येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्या लेखिकेचे पहिले पुस्तक सर्बांच्या भूमीचे कौतुक करते, त्याच लेखिकेची लेखणी पुढे सर्बांविषयी कडवट आणि कधी कधी अन्यायी झाली. रिबेका वेस्ट या दुसऱ्या इंग्रज लेखिकेने १९४१ साली आपल्या युगोस्लाव्हियावरील ग्रंथात अशा प्रवाशांना चिमटा काढला आहे : प्रत्येक जण बाल्कनमधून एकेक लाडके राष्ट्र घेऊन परततो, आणि ते राष्ट्र सदैव निष्पाप व छळलेले असते. वेस्टबाई स्वतः सर्बांच्या बाबतीत याच दोषाला बळी पडल्या, हा भाग निराळा. पण बोल खोटा नाही. यजमानाचे ऋण फेडण्यासाठी त्याच्या शेजाऱ्याचा द्वेष करणे हे सोपे चलन आहे. सर्बांच्या घरीही डरहमबाईंनी भाकर खाल्लीच होती.

पाहुण्याच्या नजरेतून लिहिलेल्या या पुस्तकाला घरातून आलेले उत्तर म्हणजे इस्माइल कादारे (१९३६–२०२४) या थोर आल्बेनियन कादंबरीकाराची एक कादंबरी. इंग्रजीत ती ‘ब्रोकन एप्रिल’ या नावाने आली. ग्योर्ग बेरीशा हा सव्वीस वर्षांचा तरुण आपल्या भावाच्या खुनाचा सूड घेतो. त्याला तीस दिवसांची बेसा मिळते, आणि त्यानंतर त्याचे मरण अटळ असते. या वैराचे मूळ काय? सत्तर वर्षांपूर्वी एका रात्री एक अनोळखी माणूस बेरीशांच्या दारावर थाप मारतो. त्याला आसरा मिळतो. दुसऱ्या दिवशी गावाच्या सीमेवर त्याला कुणीतरी गोळी घालते, आणि तो गावाकडे तोंड करून पडतो. तोंड गावाकडे, म्हणून तो अजून पाहुणाच. म्हणून सूड घेणे भाग. त्या एका थापेपोटी दोन घराण्यांची मिळून चव्वेचाळीस थडगी उभी राहतात.

याच कादंबरीत राजधानीहून आलेला एक लेखक आहे. आपल्या नववधूला घेऊन तो या डोंगरांत मधुचंद्राला येतो. तेथील मृत्यूच्या नियमांचे तो रसभरित वर्णन करतो. एक डॉक्टर त्याला तोंडावर सुनावतो की तुझ्यासारख्यांचे लेखन या हत्यांना शोभा आणते. लेखकाजवळ उत्तर नसते. त्याची पत्नी मात्र ग्योर्गचे डोळे एकदा पाहते आणि पहिल्यासारखी राहत नाही. डरहमबाईंच्या पुस्तकानंतर ही कादंबरी वाचली की एक गोष्ट स्वच्छ होते : पाहुणचाराची किंमत नेहमी घर मोजते, आणि पाहुण्याला हिशेब क्वचितच दाखविला जातो. याच कायद्याने भाकर दिली आणि याच कायद्याने मुलगे मारले. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणे डरहमबाईंना अर्धे जमले, कादारे यांना पूर्ण जमले.

इतिहासाने पुढे या कायद्याची कठोर परीक्षा घेतली. दुसऱ्या महायुद्धात नाझी सैन्य देशात असताना आल्बेनियातील मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांनी परदेशातून पळून आलेल्या ज्यूंना पाहुणे म्हणून लपविले. युद्ध संपले तेव्हा त्या देशात ज्यूंची संख्या युद्धापूर्वीपेक्षा अधिक होती. नंतर १९४४ पासून एन्वर होजाच्या राजवटीत दारे बंद झाली. ज्या फ्रान्सिस्कन घरांनी डरहमबाईंना आसरा दिला, त्या परंपरेतील अनेक धर्मगुरू तुरुंगात गेले किंवा गोळ्यांना बळी पडले. १९६७ साली सर्व धर्माचरणावर बंदी आली आणि श्कोडरच्या कॅथेड्रलचे क्रीडागृह झाले. मदर तेरेजा यांची कहाणी आपल्याला जवळची आहे. स्कोप्ये येथील आल्बेनियन घरात जन्मलेल्या या माउलीची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या. आई १९७२ मध्ये वारली, बहीण त्यानंतर. ज्या देशात कुठल्याही परक्याला दार उघडे असे, त्या देशाने आपल्याच लेकीला उंबरठ्यावर उभे ठेवले. १९८९ साली मदर तिथे जाऊ शकल्या, त्या दोन थडग्यांपाशी. राजवट ढासळल्यावर, १९९३ च्या २५ एप्रिलला पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच श्कोडरच्या कॅथेड्रलमध्ये चार बिशपांना दीक्षा दिली. २०१६ साली त्या शहरात अडतीस हुतात्म्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. डरहमबाईंच्या पानांतून नावाविना नाहीशा होणाऱ्या पाद्रींच्या या वारसांची नावे आज वेदीवर वाचली जातात.

आज थेथला डांबरी रस्ता गेला आहे. सुमारे १८०० मीटर उंचीची खिंड ओलांडून व्हाल्बोनाला जाणारी पायवाट जगभरच्या पदयात्रींना ठाऊक आहे. २०२३ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या सुमारे चोवीस लाख भरली, आणि त्याच वर्षी एक कोटीहून अधिक परदेशी पाहुणे तिथे आले. दर माणशी चार पाहुणे! आता पाहुणा पैसे देतो आणि पावती घेतो. यात वावगे काही नाही. त्या पैशामुळे परदेशी गेलेली तरुण मुले उन्हाळ्यात तरी घरी परततात. पण पैसे दिल्याने ऋण फिटते, असा समज मात्र होऊ नये. पैसा खोलीचा होतो. पाऊस सुरू होताच कुणी पोरीला आत ओढून घेते, खिंडीपर्यंत सोबत येते, तिच्या आईला फोन करायला लावते. त्याचा दर कुठल्याही फलकावर लिहिलेला नसतो.

म्हणून आमच्या त्या तरुणीला मी उपदेशाचे दोन शब्द सांगितले नाहीत. आईला म्हटले, “हिला जाऊ द्या. अब्राहामाच्या तंबूपासून परक्याला दार उघडण्याची जी रीत आपण वाचतो, ती रीत जिवंत असलेली घरे हिने पाहिली तर तिचे भलेच होईल.” आणि मुलीला ‘हाय आल्बेनिया’ची प्रत देऊन एकच प्रश्न विचारला, “या फोटोतल्या आजीबाईंचे नाव काय?” ती गोंधळली. नाव तिने विचारले नव्हते. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आले, तेव्हा त्यात ते छायाचित्र खूण म्हणून ठेवलेले होते. मागे आजीबाईंचे नाव होते, त्यांच्या दोन सुनांची नावे होती, आणि खाली लिहिले होते की धाकटी सून आजारी आहे, प्रार्थनेत आठवण ठेवावी.

‘हाय आल्बेनिया’ अवश्य वाचावे. इतक्या बारकाईने आणि इतक्या सहानुभूतीने लिहिलेली प्रवासवर्णने थोडी आहेत. मात्र वाचताना दार उघडणाऱ्या हाताकडे लक्ष असू द्यावे. लेखिका ज्यांची नावे लिहायला विसरल्या, त्यांच्याच भाकरीवर हे पुस्तक उभे आहे.